सही करण्याआधी

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, १६ मार्च २०२५

तीर्थरूप आई,

ऋताचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी विचारून घेते, कारण एकदा माझं पुराण सुरू झालं की ते राहून जाईल. इरा सांगत होती की आजी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर 'हरी हरी' म्हणते. म्हणजे दुखतंय. तेलाची बाटली नुसती उशाशी ठेवून काही बरं होत नाही, हे तुम्हीच मला माझ्या कंबरेच्या वेळी सुनावलं होतं, तेच तुम्हाला परत पाठवते. इकडे मी ठीक आहे. वजन थोडं वाढलंय, केस थोडे कमी झालेत, म्हणजे बेरीज तेवढीच.

हे पत्र नीता आणून देईल. नीता माझ्याच ऑफिसात आहे. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघी रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिचं माहेर निगडीला, आठवडाभर येते आहे. तिला चहा द्या, चिवडा द्या, पण बिचारीला खोदून खोदून काही विचारू नका. जे आहे ते सगळं इथे लिहिलंय. फोनवर का नाही सांगितलं म्हणाल, तर फोनवर इरा शेजारी असते आणि यातलं निम्मं तिने ऐकण्यासारखं नाही.

तर बातमी. मला घर मिळालं.

खोली नव्हे, घर. नवव्या मजल्यावर, दोन बेडरूम, हॉल आणि खिडकी असलेलं स्वयंपाकघर. सरकारी वसाहतीतली इमारत आहे, आपल्याकडे म्हाडाची असते तशी म्हणा, फक्त इथली लिफ्ट चालते. खाली किराणा दुकान, समोर भाजी-मासळीचा बाजार, आणि स्टेशनवरून नोव्हेनाला थेट एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. वेळ बराच लागतो, पण मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. दोन वर्षांचा करार झालाय, माझ्या एकटीच्या नावावर, आणि काल किल्ल्या हातात आल्या. आत्ता मी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेय आणि राइस कुकरच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय, कारण घरात अजून खुर्ची नाही. सकाळपासून लिहितेय त्यापेक्षा जास्त वेळ उठून या खोलीतून त्या खोलीत फिरण्यात गेला. काम काही नाही, उगीच.

तुम्ही म्हणाल, भाड्याचं घर तर घेतलंय, एवढा गाजावाजा कशाला. सांगते. तुमचं आयुष्य पतपेढीत गेलं, तेव्हा तुमच्या भाषेत सांगते. इथे प्रत्येकाची पत नोंदलेली असते. कुठलं कर्ज घेतलं, कुठल्या कार्डाचा हप्ता चुकला, सगळं. त्यावरून इंग्रजी अक्षरांत श्रेणी देतात, आणि माझी श्रेणी सगळ्यात खालची. त्याच्याही खाली काही असतं तर तेही मला मिळालं असतं. सगळेच घरमालक हे बघतात असं नाही, पण ज्यांना एकदा भाडेकरूने बुडवलंय ते पहिलं तेच मागतात. आणि खोली भाड्याने देणारे तर मूल घेतच नाहीत, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं असेल. इराच्या इथे राहण्याच्या पासला मंजुरी आली होती, शाळेत जागा धरून ठेवली होती, एप्रिलमध्ये चौथीचे वर्ग सुरू होतात. फक्त घर नव्हतं. हे वर्ष हुकलं असतं तर आणखी एक वर्ष ती तिकडे आणि मी इकडे. माझ्या जिवाला घोर होता तो एवढाच.

माझी पत कशी गेली त्याचं पुढे बघू. आधी घराचं सांगू द्या, आनंद झालाय तो नीट होऊ दे.

पहिलं घर बघितलं बुओना व्हिस्टाला. झकपक कॉन्डो, खाली पोहण्याचा तलाव. मालक इतका गोड बोलला की विचारू नका, मुलगी कितवीत आहे, तिला पोहता येतं का, सगळं विचारलं. मग त्याला त्या श्रेणीचा रिपोर्ट पाठवला. संध्याकाळपर्यंत निरोप आला की दुसरा भाडेकरू मिळाला. ती जाहिरात पुढे महिनाभर तशीच होती, मी रोज उघडून बघायचे. दुसऱ्या एकीकडे एजंटने फोनवरच विचारलं, "इंडियन? कुकिंग?" मी म्हटलं, हो, मी जेवते. त्याने फोन ठेवला. असं करत करत माझी अशी अवस्था झाली की कुणी "रिपोर्ट" म्हटलं की मी पर्स उचलून निघायलाच लागायचे.

मग वरुणने तोडगा काढला. वरुण म्हणजे नीताचा नवरा, मनाने फार चांगला माणूस. म्हणाला, "ऋता, कशाला जिवाला लावून घेतेस? करार माझ्या नावावर करू. राहा तू, भाडं तू दे, कागदावर मी. आपली मंडळी इथे असंच करतात." खरं आहे, करतात. नीता म्हणाली, "अगं, हा सही करेल, तुझं काय जातंय?" खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. दोन दिवस मी मनातल्या मनात भिंतींना कुठला रंग द्यायचा तेसुद्धा ठरवून टाकलं. पण इथल्या वसाहतीत जो राहतो त्याचंच नाव कागदावर लागतं, उद्या कुणी तक्रार केली तर वरुणही अडकायचा आणि इराचा पासही. आणि खरं सांगू का, एकाच्या नावावर दुसऱ्याने व्यवहार करायचा हा खेळ मी एकदा खेळलेय. परत नको. वरुणला नाही म्हटलं. त्याला जरा लागलं, पण पुढच्याच रविवारी घरी बोलावून श्रीखंड खाऊ घातलं, म्हणजे राग गेला असावा.

त्यानंतर अश्विन भेटला. हा एजंट. इथेच जन्मलेला, चाळिशीचा तमिळ माणूस, हिंदीचा गंध नाही, आणि बोलताना शेवटी 'लाह' लावल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. त्याने हे घर दाखवलं. मालकीणबाई मिसेस चिया, शाळेतून निवृत्त झालेल्या, आता लेकीकडे राहतात. आधीचा भाडेकरू भाडं थकवून एक दिवस पसार झाला, गाद्यासुद्धा टाकून गेला. म्हणजे रिपोर्ट पाहिजेच.

या वेळी ठरवलं, त्यांनी मागण्याआधी आपणच पुढे करायचा. अश्विनला दिला. त्याने फोनवर तो खालीवर सरकवून वाचला आणि म्हणाला, "मॅडम, आधीचं वाईट आहे ते दिसलं. सगळं फेडलंत तेही दिसलं. पण त्याशिवाय काहीच नाही. कार्ड नाही, कर्ज नाही, हप्ता नाही. दोन वर्षं तुम्ही जिवंत होतात ना लाह?"

मी चाटच पडले. आई, ही चूक फक्त आपल्या लोकांच्या हातून होऊ शकते. कर्जाचे चटके बसल्यावर मी काय केलं असेल? सगळी कार्डं कात्रीने कापली, बारीक तुकडे केले, आणि ते तुकडे वेगवेगळ्या कचऱ्याच्या डब्यांत टाकून आले. माझ्या बाबांनी आम्हाला लहानपणापासून एकच घोकून घेतलं, अंथरूण पाहून पाय पसरा आणि वाण्याच्या वहीत नाव नको. तसंच केलं. फोन घेतला तो पूर्ण पैसे भरून, कपाट घेतलं ते सेकंडहँड, पूर्ण पैसे भरून. मला वाटत होतं, बघा मी कशी धुतल्या तांदळासारखी झालेय. आणि त्या रिपोर्टाला त्यातलं काही दिसतच नव्हतं. त्याला फक्त उसनं घेऊन फेडणारा माणूस दिसतो, उसनं न घेणारा दिसतच नाही. म्हणजे माझं पाप तेवढं छापून आलेलं आणि प्रायश्चित्ताचा पत्ता नाही. तुम्ही म्हणायचात ना, जन्मात कर्ज न घेतलेल्या माणसाला पहिलं कर्ज देणं सगळ्यात अवघड, त्याचा काही अंदाजच येत नाही. तेव्हा मी भाजी निवडत ऐकून सोडून दिलं होतं.

अश्विनने डोकं खाजवलं. म्हणाला, "तुम्ही बऱ्या, रिपोर्ट बरा नाही. आत्ता भाडं कुणाला देता?" म्हटलं, आंटी लिमना. व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून डोकावून इराला हात करतात ना, त्याच. त्यांच्याकडेच खोली घेऊन राहत होते इतके दिवस. अश्विन म्हणाला, "मग बँकेचे सगळे कागद आणा आणि त्या आंटीचा नंबर आणा. बाकी तुमचं नशीब."

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, याच हॉलमध्ये भेटलो. मिसेस चिया स्वतःसाठी एक घडीचं स्टूल घेऊन आल्या होत्या, आम्ही दोघं उभे. मी रिपोर्ट पुढे केला आणि म्हटलं, "तुम्ही वाचण्याआधी मीच सांगते. वाईट आहे." आणि का वाईट आहे ते सांगितलं. चार-पाच वाक्यांत झालं. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. मग बँकेचे कागद बघितले, आणि मला काही न विचारता आंटी लिमना फोन लावला.

दोघी चिनी भाषेत किती बोलल्या म्हणून सांगू. मला एक अक्षर कळेना. मध्येच त्या हसल्या, मध्येच माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मध्येच नुसतं 'हां हां' करत राहिल्या. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातसुद्धा मी इतकी अवघडले नव्हते. तेव्हा निदान तुम्ही प्रश्न मराठीत विचारले होते.

फोन ठेवून म्हणाल्या, "ती म्हणते, तू पहिल्या तारखेला ती उठायच्या आत भाडं देतेस. ती म्हणते, तू तिच्याशी स्वयंपाकघराच्या खिडकीवरून भांडतेस. ती म्हणते, तुझ्या जेवणाचा वास लिफ्टपर्यंत येतो." मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "आणि ती म्हणते की तुला घर दिलं नाही तर मी मूर्ख."

तुम्हीसुद्धा अर्ज वाचण्याआधी अर्जदाराच्या शेजारणीला गाठायचात ना? जगभर बायका सारख्याच चौकशा करतात. मिसेस चिया म्हणाल्या, "ओके, यू टेक." आई, मला तिथेच रडू येणार होतं, पण अश्विनने लगेच करार काढला.

आणि इथे गंमत झाली. गंमत आत्ता म्हणतेय, तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती.

करार चांगला जाडजूड. सह्यांच्या जागी अश्विनने आधीच पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावून ठेवलेल्या. ओट्यावर कागद पसरला, पेन माझ्या हातात दिलं, शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून म्हणाला, "हिअर."

माझा हात पुढे जाईना. ते तसं बोट मी ओळखते. टेबलावर कागद, कागदावर बोट, आणि "इथे". कुणाचं बोट ते पुढे लिहिते. मी म्हटलं, "मी आधी वाचते." अश्विन म्हणाला, "स्टँडर्ड आहे मॅडम, सगळ्यांचा हाच असतो." म्हटलं, असू दे, वाचते. मिसेस चियांनी घड्याळ बघितलं आणि खाली कॉफी प्यायला गेल्या. त्या कॉफी पिऊन आल्या, लेकीशी फोनवर बोलून झालं, खिडकीतून खाली बघून झालं, तरी माझं चालूच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, मी तर पाणीसुद्धा फुंकत होते.

आणि सापडलं. इथे आमच्यासारख्या नोकरीच्या पासवर राहणाऱ्यांच्या करारात सहसा एक कलम असतं, की नोकरी गेली आणि देश सोडावा लागला तर ठरलेली सूचना देऊन घर सोडता येतं. ते कलम यात नव्हतं. म्हणजे उद्या माझी नोकरी गेली तर इराला घेऊन मी चिंचवडला येणार आणि भाडं मात्र पूर्ण दोन वर्षांचं माझ्या डोक्यावर. अश्विनला दाखवलं. त्याने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचा असा रिपोर्ट, ती हो म्हणालीय, आणि तुम्ही कलमं मागता? सही करा लाह. नंतर बघू."

आई, मी काय सांगू तुम्हाला. माझ्या डोळ्यांसमोर इरा होती. एक सही, आणि ती माझ्याजवळ. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, एवढं मलाही कळतं. माझ्यासारखीने तिथे मिळेल ते मुकाट घ्यायचं असतं, हक्काने मागायचं नसतं. हे सगळं एका क्षणात मनात आलं, आणि तरी मी पेनाला टोपण लावलं. शेंडी तुटो की पारंबी तुटो. मिसेस चियांकडे गेले आणि म्हटलं, "हे कलम घातल्याशिवाय मी सही करणार नाही."

त्या म्हणाल्या, "का?"

म्हटलं, "कारण नोकरी गेली तर मला हे भाडं देता येणार नाही. मग देईन असं मी लिहून कसं देऊ? मागच्या वेळी न वाचता लिहून दिलं होतं. त्याचं काय झालं ते तुमच्या हातात आहे."

त्यांनी हातातल्या रिपोर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अश्विन छताकडे बघत होता. मी मनात म्हणत होते की ऋते, घातलास घोळ, आता इराला काय सांगशील.

मग मिसेस चिया अश्विनला म्हणाल्या, "तो आधीचा, त्याने किती पटकन सही केली होती, आठवतं? मला किती बरं वाटलं होतं. एक पानसुद्धा वाचलं नाही त्याने. देणारच नव्हता, तो वाचेल कशाला." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही वाचते, कारण हिला द्यायचंय. लिही ते कलम."

अश्विनने तिथेच हाताने लिहिलं, आम्ही दोघींनी शेजारी सह्या केल्या. एकदा जिभेला धार आली की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, अजून एक आहे. करारात 'फक्त हलका स्वयंपाक' असं लिहिलंय. हलका म्हणजे काय? फोडणी हलकी की जड? अश्विनने कपाळाला हात लावला. मिसेस चिया इतक्या हसल्या की त्यांना स्टूलावर बसावं लागलं. म्हणाल्या, "काय करायचं ते कर, फक्त चिमणी महिन्याला पुसत जा." ती ओळ त्यांनी स्वतः खोडली. मग मी सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि सावकाश, एकेका पानावर सही केली. निघताना अश्विन म्हणाला, "मॅडम, एवढी वर्षं हे काम करतोय, असा रिपोर्ट असताना भाव करणारी बाई पहिल्यांदा बघितली." मी म्हटलं, "थँक यू." तो म्हणाला, हे कौतुक नव्हतं. पण होतं ते, मला कळलं.

खाली येऊन मी बसस्टॉपवर बसले आणि पोटभर रडले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी कागदी रुमालाचं पाकीट दिलं. बस आली ती जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली.

चहा करून आले. या घरातला पहिला चहा, पातेलं नव्हतं म्हणून राइस कुकरमध्येच उकळला. बरा झालाय.

आता जे सकाळपासून टाळतेय ते लिहिते. मिसेस चियांना मी चार-पाच वाक्यांत जे सांगितलं, ते तुम्हाला अडीच वर्षांत सांगितलेलं नाही. परक्या बाईला सांगता आलं आणि तुम्हाला नाही, याचं मला त्या दिवसापासून वाईट वाटतंय.

आई, ते पैसे मी उडवले नाहीत. सारंगने तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत आहे, की ऋताची खरेदी, ऋताची कार्डं, ऋताचा हात सैल. खरं असं आहे की त्याने नोकरी सोडून कंपनी काढली तेव्हा त्याला कुठली बँक दारात उभं करत नव्हती. माझा पगार पक्का, म्हणून कर्ज माझ्या नावावर, कार्डंही माझ्या नावावर. तो जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा, बोट ठेवून "इथे" म्हणायचा, आणि मी पोळ्या करता करता हात पुसून सही करून जायचे. नवऱ्याने पुढे केलेला कागद वाचून बघायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं मला वाटायचं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी वाटायचं. कंपनी चालली नाही. त्याच्या बाजूने हेही लिहिते की त्याने दारू-जुगारात काही घातलं नाही, माणसांचे पगार दिले, जागेचं भाडं भरलं. फक्त बुडतंय हे मला सांगितलं नाही. मला कळलं ते वसुलीवाल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा. मग तो दुबईला गेला, इरा तुमच्याकडे आली, आणि मी आंटी लिमच्या खोलीत राहून ते फेडलं. माझे दागिने तुम्ही विचारलेत ना एकदा, कुठे ठेवलेस म्हणून? ते त्यातच गेले.

तेव्हा का नाही बोललीस, असं विचाराल. माझी लेक तुमच्या घरात होती. तुमच्या मुलाविरुद्ध बोलायचं आणि त्याच दारात आपलं मूल ठेवायचं, हे कसं जमणार? तुम्ही तिला परत पाठवलं असतं अशी भीती नव्हती, पण तिच्याकडे बघताना तुमच्या मनात माझा राग आला असता, याची होती. आणि तिच्या कानावर तिच्या बापाबद्दल काही पडायला नको होतं, ते अजूनही नको आहे. म्हणून ऐकून घेतलं. इराच्या वाढदिवसाला फोन चालूच होता आणि तुम्ही शेजारच्या अरुणाताईंना म्हणालात, "आमची सून थकबाकीदार निघाली हो." पतपेढीतल्या माणसाच्या तोंडून तो शब्द सहज येत नाही, हे मला माहीत आहे. मी ऐकलं, आणि मग इराला वाढदिवसाचं गाणं म्हणून दाखवलं.

सगळे कागद माझ्याकडे आहेत. मागाल तर पाठवीन, एकूण एक. तुम्ही न मागता विश्वास ठेवलात तर मला जास्त बरं वाटेल, पण तो तुमचा प्रश्न आहे. सारंगशी तुम्ही बोलणं तोडावं असं मला अजिबात वाटत नाही. तो तुमचा मुलगा आहे आणि इराचा बाप आहे. इराच्या पाससाठी त्याची संमती हवी होती, ती त्याने एका दिवसात सही करून पाठवली. वाचली असेल असं वाटत नाही.

आता पुढचं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मी चिंचवडला पोचते. रजा मंजूर झालीय. येण्याचं तिकीट एक आहे आणि जाण्याची तीन. तिसरं तुमचं. व्हिसाचा अर्ज मी इथून भरते, नीताजवळ पासपोर्टाची प्रत द्या. महिनाभर राहता येईल. दोन्ही खोल्यांत आळीपाळीने झोपून बघितलंय, पूर्वेकडची गार आहे, ती तुम्हाला. गुडघ्याची सबब सांगू नका, इथे जिना चढायचा नाही.

हे मी तुमच्यावर उपकार म्हणून करत नाही, मला गरज आहे. इरा अडीच वर्षं तुमच्या कुशीत झोपलीय. तिच्या शाळेची वेणी तुम्ही घालता, तिला ताप आला की तुम्ही जागता, तिला गुळाची पोळी आवडायला लागली हे मला फोनवर कळतं. तिला एका दिवसात तुमच्यापासून उचलून आणलं तर ती मला माफ करणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. तुम्ही तिच्याबरोबर इथे या. ती इथली होईपर्यंत राहा. आपल्या दोघींना जे भांडायचंय ते इथे भांडू, ती शाळेत गेल्यावर.

कारण मी तुमच्यावर रागावलेय, आई. खूप. आणि तुम्ही माझ्या मुलीला जसं सांभाळलंत तसं मला या अडीच वर्षांत जमलं नसतं, हेही मी जाणते. दोन्ही खरं आहे, त्याला मी तरी काय करू? तिला तुमच्याकडे ठेवून मी परत निघाले त्या दिवशी तुम्ही तिला विमानतळावर कडेवर घेतलंत, एवढी घोडी झालेली मुलगी, आणि मागे वळून मला म्हणालात, "जा तू, हिची काळजी करू नकोस." मी खरंच केली नाही. त्या एका वाक्यावर मी ते सगळं फेडलं.

पाडव्याला इराला न्यायला येतेय. परवानगी मागत नाही, कळवतेय. आशीर्वाद मात्र मागतेय.

इराची आई,
ऋता